अक्का, दहाव्याला दिलेला शब्द

प्रिय अक्का,

पाया पडते. आधी घरात आलेलं सामान लिहिते, म्हणजे तुम्ही विचारायच्या आत हिशोब पुढ्यात असेल. तांदूळ दोन किलो, एकशे वीस. उडीद डाळ अर्धा किलो, सत्तर. गावरान तूप पाव किलो, दोनशे. तेवढं एकच महागाचं घेतलं, कारण डालड्याचा वास तुम्हाला वर बसूनसुद्धा येईल! लाल भोपळ्याची फोड, वीस. गवार पाव किलो तीस म्हणत होती माळीण, मी पंचवीसला आणली. काळे तीळ, पंधरा. पत्रावळी घरातल्याच आहेत, गेल्या श्रावणातल्या, कोरड्या जपून ठेवलेल्या.

आणि एक खोकं आलं. रेणू कामाला आहे त्या कापडाच्या दुकानातून. आत शाळेच्या पाटीएवढा टॅब. त्याच्यासोबत बिल नाही, किंमत नाही. वहीत त्याचं नाव लिहिलं आणि पुढचा रकाना मोकळा सोडला.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. डाळ भिजत घातली आहे. तुमचे भाऊ जेवून आडवे झालेत, रेणू दुकानात आहे. दुपारचा एवढाच वेळ माझा. उद्या महाराजांसमोर, पाहुण्यांसमोर तुमच्याशी कुठं बोलता येणार? म्हणून जे विचारायचं ते आजच कागदावर घालते.

अक्का, मी तुम्हाला एक शब्द दिला होता. तो मला परत हवा आहे.

तुमचा दहावा आठवतो का? काय विचारते मी तरी! गोदावरीकाठी पिंड मांडला होता आणि समोरच्या लिंबावर कावळे बसून होते, पण एक खाली उतरेना. तुमचे भाऊ हात जोडून म्हणाले, "अक्का, तुझ्या लातूरच्या खोलीतली एक वाटी कुणाला विकणार न्हाई." कावळे हलले नाहीत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "चहा पाहिजे असंल त्यांना." आणि खरंच कुणीतरी टपरीवरून चहा आणून पिंडाशेजारी ठेवला. तरी नाही. ऊन चढत चाललं. तुमच्या लाडक्या भाचीचे, रेणूचे, डोळे सुजलेले. माणसं कुजबुजायला लागली की जीव कशात तरी अडकलाय बाईचा.

मग मी पुढं झाले. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, तोंडातून निघालं: "अक्का, तुमची रेणू सुपरवायझरच राहील. काही झालं तरी ती जागा मी तिला सोडू देणार नाही." आणि दोन कावळे एकदम खाली आले!

सगळ्यांनी हात जोडले. मलाही तेव्हा धन्य वाटलं होतं. आज वाटतं, तुम्ही जरा सबर केली असती तर काय बिघडलं असतं? आयुष्यभर कुणाचं पहिलं बोलणं कबूल केलं नाहीत, आणि माझं नेमकं त्याच दिवशी केलंत!

मी उगीच बोलले नव्हते. त्या जागेसाठी तुम्ही काय सोसलं ते मी बघितलं होतं. नवऱ्यानं टाकलं म्हणून तुम्ही माहेरी आलात तेव्हा मी या घरात नवी होते. भावाच्या चुलीवर बसून राहणार नाही म्हणालात आणि लातूरला कापडाच्या दुकानात साड्यांच्या घड्या घालायला लागलात. घड्या घालता घालता अख्ख्या साडीच्या मजल्याच्या सुपरवायझर झालात. तुमच्या हाताखालचा एक जण म्हणाला होता, "आता बाईच्या हुकमानं गठ्ठे उचलायचे का?" आणि तुम्ही म्हणालात, "हुकूम नका समजू. घरी बायको सांगती तसं समजा. तितं उचलताच की!" तुम्ही हे सांगितलं त्या दिवशी मी पोळी लाटता लाटता हसले होते, अजून आठवलं की हसू येतं.

रेणू बी.कॉम.ला तुमच्याकडं राहिली. रविवारी तिला दुकानात न्यायच्या. मला तेव्हा राग यायचा, अभ्यास करायचा सोडून पोर साड्या उचलती म्हणून. पण तिथंच तिला तुमचं वेड लागलं. आणि सगळ्यात जास्त बस्त्याचं.

ती घरी येऊन मला सांगायची. लग्नाचा बस्ता घ्यायला जीप भरून माणसं येतात. पहिला तासभर कुणी काही घेत नाही. पाणी पितात, चहा पितात, पोरं लोळतात. "आत्या म्हणती, घाई करायची न्हाई. कुणाचं तोंड बघून बाकीच्या बायका मान हलवतात ते बघ. बस्ता तिच्या हातात असतो." मग एकेक पसंत पडतं. पांढऱ्या चादरीवर ढीग लागतो, त्याच्यावर नारळ ठेवतात. घरातली सगळ्यात थोरली बाई त्याला हळदकुंकू लावते, गाठ मारते. गाठ मारली की मगच बिल. आणि नारळ ठेवलेल्या ढिगाला तोवर कुणी हात लावायचा नाही. बस्ता मोडला म्हणजे लग्नाला अपशकुन! ही दुकानाची नाही, घराघराची रीत. पण दुकानात ती सांभाळायची कुणी? तर सुपरवायझरनं.

तुमच्या दुकानाच्या धाकट्या शेठनी नांदेडला मोठं दुकान काढलं तेव्हा तुमच्याच शब्दावर रेणूला इथं घेतलं. छातीवर नावाची पट्टी, खाली सुपरवायझर. तुम्ही मुद्दाम एसटीनं बघायला आलात. सगळं बघून झालं आणि म्हणालात, "जिना लई चकाचक हाय. पण बस्त्याला माणसं बसणार कुठं? सतरंजी कुठाय?" दुसऱ्या दिवशी सतरंज्या आल्या!

तुमच्या छातीत दुखत होतं हे तेव्हाच सांगितलं असतं तर? लग्नसराई संपू दे म्हणालात. लग्नसराई संपते का कधी, अक्का?

असो. रडायला बसले तर कागद संपेल.

तुम्ही गेल्यावर दुकानात एक नवीन गोष्ट आली. छताला जागोजागी कॅमेरे लावले आणि सुपरवायझरच्या हातात टॅब दिला. एआय म्हणतात त्याला. रेणू नुसतं सिस्टीम म्हणते. कोणत्या काउंटरला गर्दी आहे, कुणाला कुठं पाठवायचं, कोणता माल संपत आलाय, कुणाची सुट्टी कधी, सगळं तेच सांगतं. आधी जे रेणू डोक्यात ठेवायची ते.

खोटं कशाला लिहू, मला ते आवडलं होतं! माल मोजायच्या दिवशी पोर कंबर धरून घरी यायची, ते बंद झालं. सुट्ट्यांवरून पोरी रुसायच्या, "ताई तिलाच रविवार देतात" म्हणायच्या, तेही बंद झालं. गौरींच्या आधी खणाच्या परकर-पोलक्यांचा माल कमी पडणार असं त्यानं आधीच सांगितलं आणि खरंच कमी पडला असता. हिशोबाला चोख असलेल्या माणसाचं मला कौतुक वाटतं, तसं त्याचंही वाटलं. देवापुढं साखर ठेवली मी.

रोज दुकान बंद व्हायच्या आधी ते रेणूला विचारायचं. आज या माणसाला तिकडं का पाठवलं? या गिऱ्हाइकाला आधी चहा का दिला? रेणू एकेक उत्तर लिहायची. हसून म्हणायची, "आई, आत्यानं मला शिकवलं, आता मी ह्याला शिकवून राहिले." मीही हसले. आम्ही दोघी हसलो, अक्का!

मग ते शिकलं. आणि शिकल्यावर मार्क द्यायला लागलं. सांगितलं तसं केलं की हिरवा. नाही केलं की लाल. आणि मग बैठकीत धाकट्या शेठनी सांगितलं की आता एवढ्या सुपरवायझरांची गरज नाही. नांदेड आणि लातूर, दोन्ही दुकानांना मिळून एकच. टॅबवर दोन्हीकडचं दिसतं, मग दोन माणसं कशाला? ज्याचे मार्क चांगले त्याला ठेवायचं.

लातूरला तुमच्या जागी कोण आहे ठाऊक आहे ना? शीला. तुम्हीच तिला हाताला धरून वर आणलं. दोघी तुमच्याच. आणि जागा एक.

रेणूनं त्या दिवशी जेवताना सांगितलं तेव्हा मी काय म्हणाले? म्हणाले, "मग हिरवे मिळव की. शाळेत काय कमी मिळवलेस?" तुम्हाला दिलेला शब्द माझ्या डोक्यात होता. तेव्हापासून पोर टॅब सांगेल ते ऐकायला लागली.

आणि मग मुखेडकडची मंडळी आली. तेही लिहिते.

जीप भरून आले होते. नवरीची आई, मामी, चुलत्या, सगळ्या सकाळपासून सतरंजीवर बसलेल्या. साड्या गफूरभाई दाखवत होते. तेच तुमचे गफूरभाई, लातूरला तुमच्या हाताखाली होते, रेणूसाठी नांदेडला आले. दुपारपर्यंत ढीग लागला. नवरीचा शालू, करवल्यांच्या साड्या, मानपानाची लुगडी, धोतरजोड्या. वर नारळ. फक्त नवरीची आजी यायची होती. ती देवणीला लेकीकडं गेलेली, तिकडून एसटीनं येणार होती. आजीचा हात लागल्याशिवाय गाठ नाही. तोवर मंडळी गच्चीवर भाकरी सोडायला गेली.

सतरंजी रिकामी झाली आणि टॅब वाजला. काउंटर रिकामं आहे. माल परत लावा. माणसं तयार कपड्यांकडं पाठवा.

गफूरभाई म्हणाले, "रेणूबेटा, नारळ ठेवलाय त्याच्यावर. ह्याला नारळ दिसत न्हाई का?"

"दिसत न्हाई चाचा. ह्याला गिऱ्हाईक दिसतं."

"मग सांग की त्याला."

"कसं सांगू? ऐकलं न्हाई की लाल पडतं. आठवड्यात तीनदा पडलंय."

"पडू दे. लाल रंग लग्नाला चांगला."

ती हसली नाही म्हणे. तिनं मनात काय ठरवलं ते मला नंतर सांगितलं. आता माल उचलू, मंडळी गच्चीवरून उतरायच्या आत परत काढून ढीग लावू, कुणाला कळणार आहे? टॅबचंही समाधान आणि बस्ताही जिथल्या तिथं. आणि तिनं 'ठीक आहे'चं बटण दाबलं. खालच्या मजल्यावरच्या पोरी आल्या, बघता बघता ढीग उचलला. शालू खाली टांगला तर दुसऱ्या कुणीतरी तो घेऊन बिलसुद्धा केलं. आणि तेवढ्यात आजी जिना चढून आली. भरल्या सतरंजीच्या जागी कोरी चादर. कोपऱ्यात नारळ.

म्हातारी म्हणाली, "नारळ हितं, बस्ता कुठाय?"

रेणू पुढं झाली. "आजी, तुम्ही बसा, पाणी घ्या. परत लावतो आम्ही."

"परत? लगीन काय परत लावतेत का गं?"

भांडली नाहीत ती माणसं. भांडली असती तर बरं झालं असतं. गच्चीवरून उतरलेल्या नवरीच्या आईनं नारळ उचलून पदरात घेतला आणि जिना उतरायला लागली. मामी तेवढी जाता जाता बोलली, "दुकान लई मोठं, पण मन टपरीएवढं." गफूरभाई त्यांच्या मागं जीपपर्यंत गेले, हात जोडले. उपयोग झाला नाही.

आणि अक्का, संध्याकाळी टॅबवर काय आलं असेल? सगळे हिरवे! सूचना वेळेत पाळल्या. खाली एक प्रश्न होता: गिऱ्हाईक न घेता का गेलं? त्याखाली उत्तरं दिलेली. किंमत, रंग, माप, इतर. रेणू म्हणाली, "आई, मी कशावर बोट ठेवू?"

पोर जेवेना. झोपेतून दचकायला लागली. मला अपशकुनाची फिकीर. कुणाच्या लेकीच्या लग्नात विघ्न आलं तर ते आपल्या लेकीच्या हातून! शेवटी मी खण, नारळ, तांदूळ घेतले आणि रेणूला म्हटलं, चल. बिलाच्या आधी त्यांनी दुकानात नाव-गाव लिहून ठेवलं होतं, तेवढ्यावर निघालो. मुखेडपर्यंत एसटी, पुढं रिक्षा.

घरापुढं मांडवाची तयारी चालली होती. बस्ता त्यांनी दुसरीकडं घेतला होता, आतल्या खोलीत बांधून ठेवलेला दिसला. तो बघून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आजी बाजेवर बसली होती. रेणूनं तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि सगळं सांगायला लागली, टॅब, कॅमेरे, हिरवं-लाल. म्हातारी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "मशीनला कळत न्हवतं म्हणतीस. बरं. तुला कळत हुतं का?"

"कळत होतं आजी."

"मग?"

"माझी नोकरी जाईल वाटलं."

आजीनं तिला खांद्याला धरून सरळ केलं. मला वाटलं आता उठवून लावते. पण ती म्हणाली, "खरं बोललीस. ठेव ती ओटी हितं." आणि थोड्या वेळानं, चहा आल्यावर, आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "आमच्या थोरल्या बैलाला ठाऊक असतंय शेत कुठं संपतंय ते. पर कासरा दुसऱ्याच्या हातात असला की त्यो बी बांधावर चढतो." निघताना म्हणाली, "लग्नाला या. जेवायलाच या हां, साड्या दाखवायला न्हवं!" घरातल्या बाया हसल्या. आम्हीही.

परतीच्या गाडीत रेणू खिडकीकडं तोंड करून बसली होती. मग विचारलं, "आई, तिनं मला माफ केलं का गं?"

"ओटी घेतली ना."

"बैल म्हणाली मला."

"थोरला बैल म्हणाली."

पोर कितीतरी दिवसांनी हसली. मला वाटलं, संपलं सगळं. आता सुरळीत होईल.

आणि काल ते खोकं आलं.

रेणूला निवडलं, अक्का. दोन्ही दुकानांची सुपरवायझर! नांदेड आणि लातूर, दोन्ही त्या एका टॅबमध्ये. पगारही वाढवून. आणि का निवडलं ठाऊक आहे? मार्कांमुळं. ज्या दिवशी बस्ता मोडला त्या दिवसाचे सगळे हिरवे तिच्या नावावर जमा आहेत. शीलाचे लाल जास्त निघाले. शीलानं म्हणे एका बस्त्याच्या मंडळींसाठी दुकान बंद करायला उशीर केला, आणि असंच अजून काही काही. तुम्ही शिकवलेलं ती करत राहिली, म्हणून तिची जागा गेली. मला हे लिहितानासुद्धा नीट समजत नाही.

सोमवारी सकाळी हो किंवा नाही कळवायचं आहे. नाही म्हटलं तर ती जागा शीलाला, आणि रेणूनं पट्टी काढून साध्या काउंटरला उभं राहायचं, शीलाच्या टॅबखाली.

जन्मभर एसटीत कंडक्टर राहिलेल्या तुमच्या भावाला नेहमीसारखं सोपं वाटलं. म्हणाले, "एसटीत तिकिटाचं मशीन आलं तवा आम्ही बी ओरडलो. पण कंडक्टर राहिलाच की!"

रेणू म्हणाली, "राहिला बाबा. पण विनावाहक गाड्या सुरू झाल्या ना? त्यातला कंडक्टर कुठं गेला?"

ते वर्तमानपत्र उलटं धरून वाचत बसले.

मग माझं आणि रेणूचं वाजलं. ती म्हणाली, "आई, मी न्हाई म्हणणार आहे. दोन दुकानं सांभाळायची म्हणजे मी कुणालाच बघायचं न्हाई, नुसती काच बघायची. कुणी सतरंजीवर येऊन बसलं तर मला ठिपका दिसणार. आणि उद्या ते अजून शिकलं की माझी पण गरज न्हाई. मग नांदेड, लातूर, उदगीर सगळ्याला मिळून एकच कुणीतरी."

मी म्हटलं, "मग आजचं तरी पकड. काउंटरवर उभं राहून तरी काय सुरक्षित आहेस?"

"न्हाई. काउंटर पण जाईल कदाचित. पण तोवर नारळ ठेवलेल्या ढिगाला मी कुणाला हात लावू देणार न्हाई."

आणि मग मी ते बोलले. "तुझ्या आत्याला शब्द दिलाय मी. दहाव्याला. सगळ्यांदेखत."

रेणू म्हणाली, "आत्यानं मागितला होता का? तू बोललीस, कावळा उतरला. त्याला भूक लागली असेल, आई!"

मला फार लागलं ते. देवाघरच्या गोष्टीला असं बोलतात का? मी उठून देवघरात जाऊन बसले. थोड्या वेळानं ती मागनं आली, माझ्या पाठीला टेकून बसली. म्हणाली, "चुकलं. पण मला एवढं सांग. आत्या असती आणि टॅब तिच्या हातात असता, तर तिनं काय केलं असतं?"

अक्का, तुम्ही टॅब जिन्यावरून खाली टाकला असता असं म्हणावं, तर तुम्ही तशा नव्हता. नवीन आलेली प्रत्येक गोष्ट तुम्ही आधी शिकून घ्यायच्या. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा चष्मा लावून त्याच्यापुढं बसणाऱ्या पहिल्या तुम्हीच. पण शीलाला काढून तिच्या जागेवर तुम्ही बसला असता का? ते माझ्या डोळ्यांपुढं येत नाही. आणि रेणूची पट्टी काढलेली तरी तुम्हाला बघवली असती का? तेही येत नाही. वर्षानुवर्षं तुमच्यासोबत बसून डाळ निवडली, आणि नेमकं हे एक मला माहीत नाही.

मी मॅट्रिक झालेली बाई. घरातली आवक-जावक मला कळते. पण आत्तापर्यंत हिशोबात असं कधी आलं नव्हतं की चुकीचं केल्यावर जमा दाखवावं आणि बरोबर केल्यावर नावे. धाकटे शेठ वाईट नाहीत, ते तुमच्या दहाव्यालाही आले होते. टॅबही वाईट म्हणावा तर सुट्ट्या बरोबर वाटतो. मग ही चूक कुणाच्या नावावर घालू? आजीनं विचारलं तसं, कळत कुणाला होतं? रेणूला होतं. आणि तिला घाबरवलं कुणी? थोडं त्यांनी. थोडं मी, तुमच्या शब्दाचं ओझं डोक्यावर घेऊन.

म्हणून हे पत्र. दहाव्याला मी घाईत बोलले. तुमचा जीव मोकळा व्हावा म्हणून बोलले, खरं, पण पोरीला बांधून टाकलं. तो शब्द मला परत द्या. तिनं हो म्हणावं की नाही हे तुम्हाला विचारत नाही, ते तिचं ती ठरवू दे. मला फक्त मोकळं करा.

आणि मी तुम्हाला दुसरं एक वचन देते, या वेळी विचार करून, बसून, लिहून. रेणू सोमवारी जे कळवेल त्याच्या पाठीशी मी उभी राहीन. ती टॅब घेऊन लातूरला फेऱ्या मारायला लागली तर तिचा डबा मी पहाटे उठून करीन, आणि शीलाच्या घरी कधी जायचं, काय बोलायचं ते दोघी मिळून ठरवू. ती पट्टी काढून काउंटरला उभी राहिली तर चारचौघांत मान वर करून सांगीन की माझी लेक साड्या दाखवते. "तुझ्या आत्याला शब्द दिलाय" हे वाक्य माझ्या तोंडून परत निघणार नाही. आणि मुखेडच्या लग्नाला आम्ही दोघी जाणार आहोत. जेवायलाच!

उद्या गच्चीवर तुमचं पान ठेवते. भात, वडे, भोपळ्याची भाजी, गवार, वर तूप. शेजारी चहाही ठेवते, म्हणजे कुणाला शंका नको. रेणू माझ्यासोबत उभी असेल. या वेळी कावळा कितीही वेळ आला नाही तरी मी पुढं होऊन काही बोलणार नाही. हात जोडून गप्प उभी राहीन. ऊन लागलं तर लागू दे. तुम्ही ठरवा आणि तुम्हीच कळवा. राग असला तर तोही कळवा, मी सोसेन.

फक्त उलट टपाली कळवा, अक्का. सोमवार लांब नाही.

तुमची भावजय,
मंगल
नांदेड